घरात कुणी झोपलंय

बाबांची तिसरी पाळी असली की डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी नऊ ते दुपारी एक कुणी आवाज करायचा नाही, असा नियम होता. तो कुणी कुणाला सांगितलेला नव्हता. आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. वाफ कोंडली की सांडशीने शिट्टी हळूच उचलून धरायची. धाकटा भाऊ जिन्यात बसून अभ्यास करायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर पंचा टाकून झोपलेले असायचे. रात्रभर प्रेस शॉपमध्ये उभा राहिलेला माणूस कसा झोपतो, ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

नेमकी तीच माझी गिटारच्या रियाजाची वेळ होती. कॉलेज दुपारचं, आणि संध्याकाळी घरात चार माणसं आणि टीव्ही. मग मी ओट्यापाशी पाटावर बसून, ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला टेकतात तिथे, तारांखाली हातरुमालाची घडी खुपसून वाजवायचे. टक, टक, टक. बोटं बरोबर पडतात की नाही एवढंच त्यातून कळायचं. स्वर तिथल्या तिथे मरायचा.

माहीमला ज्यांच्याकडे शिकायला जायचे ते सर मूळचे गोव्याचे. उमेदीच्या काळात हॉटेलांमधल्या बँडमध्ये वाजवलेलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही जायचे. पंधरा-वीस दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "तू हात चोरतेस. स्वर लावतेस आणि लगेच सोडतेस. काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रुमाल काढ गो. प्लेक्ट्रम पण ठेव बाजूला. अंगठ्याने वाजव." प्लेक्ट्रम म्हणजे तार छेडायची चपटी नखी. मग कपाटातून एक कॅसेट काढली. बॉलपेनने वर फक्त ‘वेस’ लिहिलं होतं. "ह्याच्या घरीसुद्धा कोण ना कोण झोपलेलं असायचं."

अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी माझ्या आयुष्यात आला तो असा. 1994 साल होतं. तो जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

त्याचा जन्म 6 मार्च 1923चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसचा. काळ्या माणसांच्या वस्तीतलं कष्टाळू घर. थोरला भाऊ मंक पुढे बेस वाजवू लागला, धाकटा बडी पियानो आणि व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. वेस बारा वर्षांचा असताना मंकने त्याला चार तारांची टेनर गिटार आणून दिली होती. तिच्यावर तो काही वर्षं वाजवत होता, पण ते पोरवयातलं वाजवणं. त्यानेच नंतर सांगून ठेवलंय की खरी सुरुवात विशीच्या तोंडावर झाली, आणि ती एका तबकडीने केली.

ती तबकडी होती चार्ली क्रिश्चनची. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा हा ओक्लाहोमाचा पोरगा. गिटार तोवर बँडच्या मागच्या रांगेत बसून ठेका धरायची. क्रिश्चनने तिला अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आणून बसवलं. 1942च्या मार्चमध्ये क्षयाने तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. वेसने त्याचं ‘सोलो फ्लाइट’ ऐकलं आणि सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प घरी आणला. नुकतंच लग्न झालेलं होतं. बायकोचं नाव सिरीन.

शिकवणारं कुणी नव्हतं. नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि ते शेवटपर्यंत आलं नाही. तबकडी लावायची, चार स्वर ऐकायचे, सुई उचलायची, चार स्वर गिटारवर शोधायचे, पुन्हा सुई ठेवायची. क्रिश्चनचे सोलो त्याने असे एकेक करून हातात उतरवले. इतके, की गावातल्या एका क्लबात त्याला काम मिळालं ते फक्त तेवढ्यासाठी. उभं राहून क्रिश्चनचे सोलो वाजवायचे. ते संपले की वाजवण्यासारखं जवळ काही नसायचं, मग गप्प.

आणि हे सगळं व्हायचं रात्री, दिवसभर काम करून आल्यावर. प्लेक्ट्रमने वाजवलं की अ‍ॅम्पमधून प्रत्येक स्वराला एक खणखणीत टोक यायचं. शेजारी कुरकुर करायचे. घरातही त्रास व्हायचाच. मग वेसने प्लेक्ट्रम खाली ठेवलं आणि अंगठ्याच्या मांसल पेराने तार छेडून पाहिली. आवाज निम्म्याने मऊ झाला. शेजारी झोपले.

पुढे त्याने प्लेक्ट्रमकडे परत जायचा प्रयत्न केला होता, असं त्याने सांगितलंय. प्लेक्ट्रमने वेग जास्त मिळतो हे त्यालाही कळत होतं. पण तोवर कानाला अंगठ्याच्या आवाजाची सवय लागली होती. वेग हवा की हा आवाज, असा प्रश्न आला, तेव्हा त्याने आवाज ठेवला.

मी डोंबिवलीच्या ओट्यापाशी अंगठ्याने पहिला स्वर छेडला तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. फक्त एवढं जाणवलं की स्वर जिवंत आहे, आणि आतल्या खोलीत बाबांनी कूसही बदललेली नाही.

त्या अंगठ्याविषयी थोडं थांबून सांगते, कारण सगळं त्या पेरात आहे. चित्रफितींमध्ये नीट दिसतं: वेसची बाकीची चार बोटं गिटारच्या अंगावर पसरून टेकलेली असतात, पंजा जवळजवळ हलत नाही, आणि अंगठा तेवढा लवून तारेवर उतरतो. एकेरी स्वर तो बहुतेक वरून खाली, अशा एकाच दिशेने वाजवायचा. प्लेक्ट्रमवाले खाली-वर, खाली-वर करून जी गती काढतात ती अंगठ्याच्या नुसत्या उतरत्या आघातांनी काढणं मनगटाला किती अवघड आहे, ते वाजवून पाहावं. नुसता अंगठा मऊ असतो म्हणून आवाज गोल येतो, हे अर्धंच खरं. सततच्या वाजवण्याने वेसच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्याला जवळून ऐकलेला गिटारवादक जॉर्ज बेन्सन सांगतो की त्या घट्ट्यामुळे सुराला कड यायची. म्हणजे आधी मांसाचा मऊपणा आणि त्याच्या पोटात त्या घट्ट्याचा टणका. सर म्हणायचे, "साखरभातात लवंग असते ना, तशी."

माझ्या अंगठ्याला दोन महिन्यांत फोड आला, तो फुटला, खाली नवी कातडी आली, पुन्हा फोड. आई हळद लावायची आणि काही बोलायची नाही.

दुसरी गोष्ट ऑक्टेव्हची. कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं दोन गिटारी आहेत. एकच ओळ, पण तिला खाली एक सावली. सरांनी उलगडून दाखवलं: खालचा सा आणि वरचा सा एकदम वाजवायचा, दोघांच्या मधे जी तार येते ती डाव्या हाताच्या बोटाने नुसती स्पर्श करून मुकी ठेवायची, आणि अंगठा तिन्हींवरून एका झटक्यात न्यायचा. मधली तार बोलता कामा नये. बोटांमधलं अंतर तारेनुसार बदलतं, म्हणून पंजाने ते पाठ करावं लागतं. डोळ्यांनी बघत बसलं तर लय गेली. असे जोडस्वर दोन-चार लावणं कुणालाही जमतं. वेस त्यांत पूर्ण ताना घेतो, आणि एकेरी स्वरांत घेतल्यासारख्या सहज. ऑक्टेव्ह वाजवताना सुरुवातीला डोकं दुखायचं, थांबवलं की दुखणंही थांबायचं, असं त्याने म्हटलंय. मी ते वाचलं तेव्हा फार धीर आला, कारण माझंही दुखायचं आणि मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

1948मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. दोनेक वर्षं तो देशभर फिरला. नाव झालं असतं. पण 1950मध्ये तो घरी परतला, कारण बायको-मुलांची आठवण सहन होईना. मुलं पुढे सात झाली.

मग आली ती वर्षं, ज्यांच्यामुळे वेस माझ्या घरातला माणूस झाला. सकाळी सात ते दुपारी तीन कारखान्यात. रात्री नऊ ते दोन टर्फ बार नावाच्या ठिकाणी गिटार. तिथून निघून मिसाइल रूम नावाच्या दुसऱ्या क्लबात, अडीच ते पाच. मग घर, आणि सातला पुन्हा कारखाना.

एका रविवारी दुपारी मी बाबांना हे सांगितलं. ते सायकलच्या चेनला तेल देत होते. गिटार या विषयात त्यांनी कधी फार रस घेतला नव्हता; ‘शिकतेय, शिकू दे’ एवढंच. पण वेळा ऐकून त्यांचा हात थांबला.

"सात ते तीन म्हणजे पहिली पाळी," ते म्हणाले.

"हो."

"मग नऊ ते दोन. आणि परत अडीच ते पाच." त्यांनी तेलकट बोटांवर मोजलं. "तीनला सुटला. घरी पोचायला साडेतीन. सात पोरं म्हणतेस, शाळेतून आलेली. त्यात काय झोप लागणार? आणि पहाटे पाच ते सात. झोपला कधी हा माणूस?"

ते बराच वेळ चेनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असा माणूस टिकत नाही फार." हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

या नोकरीच्या वर्षांकडे ‘संघर्षाचा काळ’ म्हणून घाईघाईने पुढे जायची पद्धत आहे, जणू 1959मध्ये दार उघडलं आणि कलावंत जन्माला आला. मला ते पटत नाही. वेस कलावंत म्हणून घडला तो या नऊ-दहा वर्षांत, इंडियाना अ‍ॅव्हेन्यू आणि त्याच्या आसपासच्या क्लबांमध्ये. इंडियानापोलिसच्या काळ्या वस्तीतला हा रस्ता तेव्हा रात्रभर जागा असायचा. ट्रॉम्बोनवाला जे. जे. जॉन्सन, ट्रम्पेटवाला फ्रेडी हबार्ड हे याच गावचे. ऐकायला येणारी माणसं पाळीवरून सुटून आलेली, कान तयार असलेली. त्यांच्यापुढे रोज रात्री सात-साडेसात तास वाजवणं म्हणजे काय, याचा विचार करावा. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून जो घासून रियाज व्हायचा, तो वेसचा त्या दोन क्लबांत झाला. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्याला ‘शोधलं’ तेव्हा तो छत्तीस वर्षांचा, पिकलेला वादक होता.

1959मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली गावात आला असताना रात्री मिसाइल रूममध्ये जाऊन बसला. ऐकून तो हलून गेला. न्यूयॉर्कला रिव्हरसाइड रेकॉर्ड्सचे ओरिन कीपन्यूज यांना त्याने सांगितलं की या माणसाला आत्ताच्या आत्ता घ्या. त्याच सुमारास संगीतकार-समीक्षक गंथर शुलर यांनीही वेसवर भारावून लिहिलं होतं. कीपन्यूज स्वतः इंडियानापोलिसला आले, रात्रभर ऐकलं आणि करार केला. ऑक्टोबरमध्ये वेसच्या स्वतःच्या नावाची पहिली तबकडी झाली; ऑर्गनवर मेल्विन ऱ्हाइन, ड्रम्सवर पॉल पार्कर, दोघंही त्याच्याच गावातले साथीदार.

सरांच्या कॅसेटवर होती ती त्याच्या पुढची तबकडी, ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’. 1960च्या जानेवारीत, 26 आणि 28 तारखेला, न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर पर्सी हीथ, ड्रम्सवर पर्सीचा भाऊ अल्बर्ट. तिच्यातलं ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. कॅसेटची फीत तेवढ्या भागात सैल पडली होती.

आहे तो ब्लूजच, पण तीनाच्या झुलत्या लयीत. वेस सुरुवात करतो ती एकेरी स्वरांत, सावकाश, जागा बघत बघत. एक वाक्य म्हणतो, थांबतो, त्याच वाक्याचं शेपूट धरून पुढचं वाक्य म्हणतो. कुठे दाखवायची घाई नाही. मग एका आवर्तनाच्या तोंडावर तो ऑक्टेव्हमध्ये शिरतो आणि तीच गोष्ट दुपदरी होते, खोलीत दिवा वाढवल्यासारखी. आणि आता याच्या वर काय करणार असं वाटत असताना तो पूर्ण कॉर्ड्समध्ये जातो. चार-चार स्वर एकदम, आणि ते सगळे मिळून गातात. एकट्या गिटारचा ब्रास बँड होतो.

एकेरी स्वर, ऑक्टेव्ह, कॉर्ड्स. हा त्याचा ठरलेला चढता क्रम. त्याच्या अनेक सोलोंमध्ये सापडतो. माझी मावशी किराण्याची गायकी आवडीने ऐकणारी. तिला मी हे वाजवून दाखवलं तेव्हा तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हा बढत करतोय." मला इतकी वर्षं जे सांगता येत नव्हतं ते तिने एका शब्दात सांगितलं. राग वेगळा, ताल वेगळा, सगळं शास्त्र वेगळं. पण आधी बैठक जमवायची, मग पट उघडत न्यायचा, आणि चढताना मागची पायरी सोडायची नाही, हे भान तेच.

नोटेशन वाचता न येणं ही आपल्याकडे उणीव मानली जात नाही. आपली सगळी विद्या कानावाटे आलेली. अमेरिकेत स्टुडिओतल्या वादकांमध्ये मात्र ते लाजिरवाणं वाटायचं, आणि वेसला ते टोचायचं. पण वाचता येत नाही म्हणजे कळत नाही, असा अर्थ काढणाऱ्यांनी 1965ची हॉलंडमधली चित्रफीत बघावी. पिम जेकब्स या डच पियानोवादकासोबत तालीम चाललेली आहे. वेस गिटार मांडीवर घेऊन बसलाय आणि त्याला एकामागून एक कॉर्ड्स नावाने सांगतोय, वाजवून दाखवतोय, चुकलं की पुन्हा. आवाज चढत नाही. चेहऱ्यावर हसू आहे, पण लक्ष मात्र बारीक. ते बघताना मला माहीमची खोली आठवते. शिकवणारा माणूस आपल्याला खाली न बसवता शिकवतो, ते फार थोड्यांना जमतं.

1961मध्ये तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ग्रुपबरोबर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या जॅझ महोत्सवात वाजला. कोल्ट्रेनने त्याला ग्रुपमध्ये यायला विचारलं होतं म्हणतात. तो गेला नाही. जून 1962मध्ये बर्कलीच्या त्सुबो नावाच्या छोट्या कॉफीहाउसात ‘फुल हाउस’ ध्वनिमुद्रित झालं. जॉनी ग्रिफिनचा धावता सॅक्सोफोन, आणि वेस त्याच्या शेजारी शांतपणे, पण तेवढ्याच वेगात. 1964मध्ये रिव्हरसाइडचं दिवाळं निघालं आणि तो व्हर्व्ह या मोठ्या कंपनीकडे गेला.

मला एकच तबकडी घेऊन कुठे राहायला पाठवलं, तर मी ‘स्मोकिन’ अ‍ॅट द हाफ नोट’ घेईन. 1965ची. निम्मी न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात श्रोत्यांसमोर, निम्मी स्टुडिओत. सोबत विंटन केलीचा पियानो, पॉल चेंबर्सचा बेस, जिमी कॉबचे ड्रम्स. हे तिघं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे एकत्र वाजवलेले, एकमेकांचा श्वास ओळखणारे. तिच्यातलं ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ हे संथ गाणं. संथ गाण्यात वादक उघडा पडतो. वेगाआड लपायला जागा नसते. वेस तिथे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत एकही शब्द जास्तीचा बोलत नाही. आजचा मोठा गिटारवादक पॅट मेथेनी या सोलोला आपला सर्वांत आवडता म्हणतो. क्लबातली कुजबुज ऐकू येते, आणि एका जागी ती थांबते.

यानंतरचा भाग लिहायला मला जड जातं, कारण त्यात मी स्वतः अनेक वर्षं चुकीच्या बाजूला होते.

व्हर्व्हचा निर्माता क्रीड टेलर याने वेसला लोकप्रिय गाण्यांकडे वळवलं. मागे तंतुवाद्यांचा ताफा, तीन-चार मिनिटांची गाणी, आणि वेसने चाल ऑक्टेव्हमध्ये वाजवायची. मोकळ्या बढतीला जागा थोडी. ‘गोइन’ आउट ऑफ माय हेड’ने त्याला ग्रॅमी मिळवून दिलं. 1967चं ‘अ डे इन द लाइफ’ जॅझच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी कधी जॅझ ऐकलं नव्हतं त्यांच्या घरात तो सूर पोचला. आणि समीक्षकांनी सुस्कारे सोडले: केवढा मोठा वादक, आणि बघा काय करतोय.

मीही तेच म्हणायचे, वीस-बावीस वर्षांची असताना, फार तावातावाने. एकदा सरांसमोर म्हणाले, त्याने स्वतःला विकलं. सर कधी रागावत नसत, त्या दिवशी रागावले. "मी लग्नात वाजवलं, हॉटेलात वाजवलं, सिनेमात वाजवलं. प्रत्येक वेळेला स्वर खरा लावला. त्याला तू विकणं म्हणशील?" मी गप्प बसले. ते पुढे म्हणाले, "सात पोरं होती त्याला. आणि ऐक नीट, ऑक्टेव्ह कुठे खोटी लागलीय का सांग."

नाही लागलेली. मी नंतर तशाच कानाने ऐकलं. ‘बंपिन’ ऑन सनसेट’ लावून पाहा. एवढी साधी चाल, आणि प्रत्येक जोडस्वर तोलून ठेवलेला. तरीही मला त्या तबकड्यांपेक्षा ‘हाफ नोट’ शंभरपट आवडते, आणि वेसला आणखी वीस वर्षं मिळती तर त्याने काय काय वाजवलं असतं या विचाराने आजही पोटात तुटतं. पण कारखान्यातून सुटून पहाटे पाचपर्यंत वाजवलेल्या माणसाने, चाळिशी उलटल्यावर, मुलांसाठी बेताची बेगमी केली तर त्याचा हिशेब मी मागणार नाही. शिवाय क्लबांत त्याचं मोकळं वाजवणं सुरूच होतं. युरोपच्या 1965च्या दौऱ्यात लंडनमध्ये, पॅरिसमध्ये, बेल्जियममध्ये त्याने जे वाजवून ठेवलंय ते कुणीही ऐकावं. विमानाची भीती वाटणारा माणूस समुद्रापलीकडे गेला आणि तसा वाजला.

15 जून 1968. दौऱ्यावरून नुकताच घरी आलेला. सकाळी उठल्यावर बायकोला म्हणाला, बरं वाटत नाही. काही मिनिटांत कोसळला. हृदयविकाराचा झटका. स्वतःच्या नावाच्या पहिल्या तबकडीपासून त्या सकाळपर्यंत पुरती नऊ वर्षंही झाली नव्हती.

इंडियाना अ‍ॅव्हेन्यूवरचे ते क्लब आज नाहीत. महामार्ग आणि विद्यापीठ यांच्या बांधकामात जुनी वस्ती बरीचशी पुसली गेली. शहरात वेसच्या नावाचं एक उद्यान आहे.

सर 2009मध्ये गेले. कॅसेट माझ्याकडेच राहिली. परत द्यायला गेले होते तेव्हा घेतली नाही त्यांनी. मी व्यावसायिक वादक झाले नाही. बँकेत नोकरी केली, अजून करते. पण रात्री अर्धा-पाऊण तास गिटार मांडीवर असते.

बाबा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडे राहतात. प्रेस शॉपच्या धडधडीने त्यांचे कान गेले. तेव्हा कानात घालायला बोंडं द्यायचे, पण ती घातली की मशीनचा बिघडलेला आवाज कळत नाही म्हणून कुणी घालायचं नाही. गेल्या वर्षी तपासणी केली. डॉक्टरांनी आलेख दाखवला: डावीकडे रेघ बरी, आणि उजवीकडे, वरच्या आवाजांच्या बाजूला, कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. म्हणाले, कारखान्यातल्या आवाजाने आधी बारीक, चिरके आवाज जातात. खालचे, भरीव आवाज उरतात. म्हणूनच त्यांना दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल ऐकू येत नाही. मोबाइल वाजतो तो कळत नाही. नातीचं बोलणं अर्धंच कळतं, शब्दांतले स आणि श गळून पडतात.

मला वाटलं होतं की गिटारही गेली असेल. मग एका रात्री मी अ‍ॅम्पचा ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, पूर्ण खाली घेतला आणि प्लेक्ट्रमशिवाय, अंगठ्याने ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ची चाल धरली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"हे येतंय ऐकू," ते म्हणाले. "सगळं येतंय."

तेव्हापासून रोज जेवणं झाली की ते हॉलमध्ये येऊन बसतात. परवा लेकीची परीक्षा होती, ती आतल्या खोलीत लवकर झोपली होती. मी अ‍ॅम्प लावत होते, तर बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू लाव. ती झोपलीय." मी आवाजाचं बटण एकवर आणलं. एकवर त्यांना काही ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, फरशीवर पाय घासू नयेत म्हणून थोडी वर धरून आणली आणि अ‍ॅम्पला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसले. वाकून कान जाळीपाशी नेला.

"ते दोन आवाजांचं वाजव," म्हणाले.